बानोनाने अडवलेली हाळी

पलीकडच्या टेकाडावरून बाईचा आवाज आला तेव्हा कोब्नेर्तला वाटले, कोणीतरी आपली थट्टा करते आहे.

बारा वर्षे त्या टेकाडावरून त्याला मातुगेनचा आवाज येत असे. जाड, थोडा घोगरा, शेवटच्या शब्दावर खाली बसणारा. कोब्नेर्तने हाळी दिली की मातुगेन ती शब्दन् शब्द परत म्हणे आणि मग पाठ फिरवून पश्चिमेच्या टेकाडाला देई. बितुरिगे जमातीच्या मुलखात बातमी अशीच फिरायची, एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात. घोडा दमायचा, हाळी दमत नसे. त्या दिवशीची हाळी साधीच होती. नदी चढली आहे, खालच्या उताराने गुरे घालू नका. बाईने ती बिनचूक परत म्हटली. आवाज बारीक होता, पण चामड्यातून आरी जावी तसा दरी ओलांडून आला. आणि मग तिने नियम मोडून स्वतःचे दोन शब्द जोडले.

“मातुगेन काल गेला. मी त्याची बायको, बानोना. उद्यापासून इथं मीच.”

हाळीच्या माणसाने आपले काही बोलायचे नसते. कोब्नेर्त “ऐकलं” एवढेच ओरडला आणि खाली उतरला. दिवसभर लोखंडाच्या भट्टीवर भाता ओढताना त्याला वाटत राहिले, आणखी एखादा शब्द तरी बोलायला हवा होता.

पुढच्या सात वर्षांत ती कसर भरून निघाली. हाळी परत देऊन झाली की बानोना मागे एखादे वाक्य भिरकावायची. त्याच्या भट्टीचा धूर काळा दिसतो, ओली लाकडे जाळतो काय. रानात या वर्षी ओकची फळे भरपूर पडली, डुकरे चालेनाशी झाली आहेत. लेकीचे लग्न ठरले. लेक खालच्याच गावात दिली, गावप्रमुख अतेपोच्या मुलाला, म्हणजे टेकाडावरून तिच्या चुलीचा धूर दिसतो. कोब्नेर्तही काही ना काही परत फेके. दोघांच्या मध्ये दलदल होती, नदी होती, आणि बाजारही दोघांचे वेगळे. त्यामुळे सात वर्षांत त्यांनी एकमेकांचे तोंड पाहिले नव्हते. कोब्नेर्तने मनाशी तिची एक मूर्ती केली होती. उंच, सडपातळ, मान ताठ.

त्याची बायको सुआदा भट्टीवर माती मळता मळता म्हणायची, “निघालात का टेकाडावर? मिशा विंचरून जा. तिकडून दिसतात.”

कोब्नेर्त मिशा विंचरूनच जात असे. त्याला आपल्या मिशांचा अभिमान होता.

हाळीचे नियम थोडे होते आणि कडक होते. घालायचे नाही, गाळायचे नाही. पुढच्याने परत म्हणेपर्यंत देत राहायचे. आणि देणाऱ्या माणसाचा आवाज ओळखीचा नसेल तर त्याची हाळी घ्यायची नाही. हा शेवटचा नियम अलीकडचा. रोमनांच्या पैशावरच्या कोणा माणसाने एकदा खोटी हाळी देऊन दोन गावांची माणसे भलत्याच उतारावर धाडली होती, तेव्हापासूनचा. ज्याच्यापाशी हाळी मेली त्याला द्रुइड, म्हणजे जमातीचे पुरोहित, वाळीत टाकत. यज्ञाला त्याला जागा नाही, कोणी त्याला विस्तव द्यायचा नाही, कोणी त्याच्याशी बोलायचे नाही. अशी शिक्षा झालेला माणूस कोब्नेर्तने लहानपणी एक पाहिला होता. तो स्वतःशीच बोलायचा आणि स्वतःलाच उत्तरे द्यायचा.

रोमन सैन्य मुलखात शिरले तो हिवाळा होता. जो तो कान टवकारून असे. गाय हंबरली तरी बायका दारात येत. अवारिकुम शहरापासून डोंगरापर्यंत सगळ्या जमातींचे पुढारी एकत्र बसले आहेत, लढाई मैदानात न करता रोमनांना उपाशी मारायचे ठरते आहे, असे उडत उडत कानावर येत होते. उपाशी मारायचे म्हणजे काय, हे विचारायला कोणी धजत नव्हते.

ते एका सकाळी कळले. दिवस कासराभर वर आला होता. पूर्वेच्या टेकाडावरून हाळी आली, आणि ती कोब्नेर्तच्या तोंडाने परत म्हटली तेव्हा तिचा अर्थ त्याच्या डोक्यात अजून शिरलाही नव्हता.

“घरं पेटवा. पेवं पेटवा. रोमनांच्या हाती दाणा लागू देऊ नका. आजच्या आज, सूर्य बुडायच्या आत.”

तो पश्चिमेला वळला आणि तीच हाळी त्याने बानोनाला दिली. उत्तर आले नाही. वारा तिच्याकडे वाहत होता, ऐकू न जायचे काही कारण नव्हते. त्याने पुन्हा दिली. आणखी एकदा दिली. तिच्या टेकाडावर तपकिरी पांघरुणातली एक आकृती त्याला दिसत होती. ती डावीकडे चार पावले जायची, उजवीकडे चार पावले यायची, पुन्हा डावीकडे.

खाली त्याच्या स्वतःच्या गावाने हाळी ऐकली होती. माणसे गुरे रानाकडे हाकत होती. सुआदाने घोंगड्या, लोण्याचे मडके आणि मागाची वजने बाहेर आणून ठेवली होती. कोब्नेर्तने घर स्वतःच्या हाताने पेटवले. छपराचे गवत दवाने ओले होते, धरेना. जन्मभर विस्तव फुंकलेला माणूस, शेवटी गुडघे टेकून आपल्याच घराला फुंकर घालू लागला. भडका उठला तेव्हा त्याची डावी मिशी आणि दोन्ही भुवया गेल्या.

सुआदाने त्याच्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, ते धुराचे की कशाचे कोण जाणे. ती म्हणाली, “अर्धी राहिली. ती तरी कशाला ठेवलीत?”

तो पुन्हा टेकाडावर गेला. पुन्हा हाळी दिली. दिवस माथ्यावर आला होता. पूर्वेला आणि दक्षिणेला धुराचे खांब उभे होते, मोजता येणार नाहीत इतके. पश्चिमेचे आकाश मात्र धुतल्यासारखे स्वच्छ होते. बानोनाच्या पलीकडे चार गावे होती, आणि त्या चारही गावांची पेवे भरलेली होती. रोमन घोडेस्वारांना ते स्वच्छ आकाश दिसत असणारच.

त्याने सुआदाला रानाकडे जायला सांगितले आणि तो दलदलीत उतरला.

वाटेत त्याच्या मनात नाना गोष्टी आल्या. तिचा घसा बसला असेल. तिला ताप आला असेल. रोमन टेहळे येऊन तिला बांधून गेले असतील आणि ती आकृती भलत्याच कोणाची असेल. यातले काहीतरी खरे निघावे असे त्याला वाटत होते. नदीचे पाणी मांड्यांपर्यंत होते आणि त्यावर बर्फाचे पातळ पापुद्रे तरंगत होते. पलीकडच्या काठावर तो थांबला नाही, पाय चोळले नाहीत. थांबला असता तर परत फिरला असता.

टेकाडावर एक ठेंगणी, जाडसर बाई येरझाऱ्या घालत होती. एक खांदा दुसऱ्यापेक्षा वर. मांस खारवून मिठाने तडकलेले लाल हात. तिने त्याला नखशिखांत पाहिले.

“भट्टीवाल्या?” ती म्हणाली. “मला वाटलं होतं, तू जाडा असशील.”

जवळून तिचा आवाज इतका हळू होता की त्याला पुढे वाकावे लागले. गळा जपणारी माणसे अशीच बोलतात, तोही तसाच बोलत असे.

त्याने विचारले, हाळी ऐकली ना? तिने मान हलवली. मग परत का दिली नाही? तिने खाली बोट दाखवले. टेकाडाच्या पायथ्याशी अतेपोचे गाव होते, वीसेक घरांचे. सगळी गुरे बाहेर काढलेली. घोंगड्यांची गाठोडी रांगेत. प्रत्येक दाराशी मशाल टेकून ठेवलेली, अजून न पेटवलेली. मधल्या मोठ्या घराच्या दाराशी चार बायका उभ्या होत्या आणि त्यांतली एक आत-बाहेर करत होती.

“माझी लेक, लितुगेना,” बानोना म्हणाली. “काल पहाटेपासून अडलीय. बाळ आडवं आहे. सुईण म्हणते, आता उचलून बाहेर काढली तर दोघंही जातील. तुझी हाळी खाली पोचत नाही, पण मी तोंड उघडलं की गावाला ऐकू जातं. आणि पूर्वेचा धूर बघून अतेपोनं सकाळीच गावापुढं शपथ घेतलीय, हाळी आली की पहिली मशाल स्वतःच्या घराला.”

“ताई, माझं घर मी सकाळी पेटवलं.”

“दिसतंय. मिशीवरून कळलं.”

“थट्टा नको.”

“थट्टा नाही करत. मला दुसरं काही बोलता येत नाहीये.”

तो चिडला. सकाळपासून दाबून ठेवलेले सगळे वर आले. पलीकडच्या चार गावांचा दाणा उद्या रोमन घोडे खातील, आणि मग आमची घरे कशासाठी जळली, असे त्याने विचारले. मीच इथून हाळी देतो, म्हणाला. तिने त्याला अडवले नाही. एवढेच सांगितले, की पश्चिमेच्या टेकाडावर दोइर बसला आहे, तो नियमाचा पक्का आहे, आणि सात वर्षांत त्याने तिच्याखेरीज कोणाचाही आवाज घेतलेला नाही. देऊन बघ.

कोब्नेर्तने दिली नाही. दोइरच्या जागी तो असता तर त्यानेही घेतली नसती. हाळी त्या बाईच्या गळ्यात होती, आणि गळा काही हात घालून उघडता येत नाही.

तो दगडावर बसला, उठला, पुन्हा बसला. ती चालतच होती. चार पावले इकडे, चार पावले तिकडे. गवतावर तिच्या पावलांची पट्टी उमटली होती. खालून मधूनच किंकाळी यायची आणि ती थांबायची. किंकाळी संपली की पुन्हा चालू लागायची. एकदा ती स्वतःहूनच म्हणाली, की मातुगेन असता तर त्याने सकाळीच हाळी दिली असती, तो तसा माणूस होता. मग म्हणाली, “आणि मी त्याला जन्मभर माफ केलं नसतं.”

दिवस कलू लागला तेव्हा अतेपो वर आला. पांढऱ्या केसांचा, धिप्पाड, चढाने धापा टाकणारा म्हातारा. त्याने कोब्नेर्तला पाहिले. जळलेल्या भुवया, अर्धी मिशी, काजळी भरलेला गळा, कमरेपर्यंत ओले कपडे. मग त्याने पूर्वेकडचा धूर पाहिला. बराच वेळ पाहिला. कोब्नेर्त उठून उभा राहिला. आता विचारले की सांगायचे, खोटे बोलायचे नाही, असे त्याने ठरवले आणि श्वास घेतला.

अतेपोने त्याला काहीच विचारले नाही. तो बानोनाकडे वळला.

“विहीणबाई, हाळी आली का?”

“नाही.”

“बरं. मग मी खाली थांबतो.”

तो उतरू लागला. दहा पावलांवर थांबून, मागे न पाहता म्हणाला, “आली की लगेच द्या.” आणि गेला. कोब्नेर्तचा घेतलेला श्वास तसाच राहिला.

सूर्य रानाच्या टोकाला टेकायला हातभर उरला होता तेव्हा मोठ्या घरातून सुईण बाहेर आली आणि तिने डोक्यावरचे फडके काढून हलवले. बानोनाने पुढे जाऊन पाहिले. लितुगेनाला दाराच्या फळीवर घालून चौघांनी बाहेर आणले. तिच्या छातीशी काहीतरी गुंडाळलेले होते. माणसे रानाच्या कडेला पोचेपर्यंत बानोना थांबली. मग ती पश्चिमेला वळली, पाय रोवले आणि हाळी दिली.

घरं पेटवा, पेवं पेटवा. एक शब्द गाळला नाही, एक शब्द घातला नाही. “सूर्य बुडायच्या आत” हे शब्दही तिने तसेच म्हटले, सूर्य डोळ्यांसमोर बुडत असताना. तिच्या आवाजाने कोब्नेर्तच्या अंगावर काटा आला. इतक्या जवळून तो त्याने कधी ऐकला नव्हता.

खाली अतेपोने पहिली मशाल स्वतःच्या छपरावर टाकली. दोइरने हाळी लगेच परत दिली, जणू दिवसभर तोंडात धरूनच बसला होता. थोड्या वेळाने त्याच्या बाजूला भडका दिसला. मग त्याच्या पलीकडे एक, आणि आणखी पुढे एक. दोघे कान देऊन उभे राहिले. त्यापुढचे गाव व्हेर्नो. तिकडे अंधार होता. दिवसभर काही आले नाही म्हणून व्हेर्नोचा हाळीवाला उजेड सरताच घरी गेला होता.

दुसऱ्या दिवशी रोमन घोडेस्वार व्हेर्नोला पोचले. घरे शाबूत होती, पेवे शाबूत होती. त्यांनी गाड्या भरभरून धान्य नेले, आणि ते अडवायला गेलेली व्हेर्नोची माणसे परत आली नाहीत. नंतर अवारिकुमला वेढा पडला. तिथल्या लोकांनी पुढाऱ्यांचे पाय धरून आपले शहर जाळण्यापासून वाचवले होते. पंचवीस दिवसांनी ते पडले आणि आतले कोणी उरले नाही म्हणावे इतके मेले. व्हेर्नोच्या दाण्यावर रोमन तगले, असे लोक म्हणू लागले. कोब्नेर्तला तसे वाटत नसे. एका गावाच्या पेवांवर किती दिवस सैन्य जेवेल, हे तो मनाशी मांडून पाही आणि उत्तर दर वेळी वेगळे येई.

वसंतात ओकच्या राईत सभा बसली. द्रुइड वयाने लहान होता, चाळिशीचाही नसेल. आवाज न चढवता विचारायचा. त्याने कोब्नेर्तला विचारले, हाळी कधी दिलीस? दिवस कासराभर वर आला तेव्हा. परत कधी आली? सूर्य झाडांना टेकला तेव्हा. मध्ये तू तिथे होतास? होतो. आणखी कोणी आले होते?

कोब्नेर्तने तोंड उघडले, पण बानोना आधी बोलली.

“अतेपो आला होता. हाळी आली का, विचारलं. मी नाही म्हटलं. तो माझ्या शब्दावर खाली गेला.”

द्रुइडने कोब्नेर्तकडे पाहिले. “असंच झालं?”

असेच झाले होते. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. फक्त अतेपोने कोब्नेर्तची जळकी मिशी पाहिली, धूर पाहिला आणि मग जी खोटे बोलेल तिलाच विचारले, एवढे त्यातून गळले होते. अतेपो समोरच बसला होता आणि आपल्या जोड्याची वादी पुन्हा पुन्हा बांधत होता.

“असंच झालं,” कोब्नेर्त म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा काही गाळले.

तुला काही सांगायचे आहे का, असे द्रुइडने बानोनाला विचारले. ती म्हणाली, “अवारिकुमच्या लोकांनी रडून अख्खं शहर वाचवलं, त्यांना कोणी वाळीत टाकलं नाही. मी एक घर दिवसभर वाचवलं. पण व्हेर्नोची माणसं मेली. ते मला नाकारता येत नाही.” द्रुइडने वाळीची शिक्षा सांगितली. तिने विचारले, लेकीशी आत्ताच बोलून घेऊ का, की बंदी आत्तापासूनच. द्रुइडने थोडा विचार केला आणि राईच्या बाहेर पडेपर्यंत मुभा दिली. ती लितुगेनाबरोबर राईतून इतक्या सावकाश चालत गेली की लोक खोळंबून राहिले.

तिच्या टेकाडावर अतेपोचा पुतण्या नेमला. दोइरने त्याचा आवाज घेतला नाही. दोन महिने खटपट करून शेवटी हाळीची वाट उत्तरेच्या टेकाडांवरून वळवली, आणि बानोनाचे टेकाड रिकामे पडले. ती डुकरांच्या गोठ्याशेजारी झोपडी घालून राहिली. लितुगेना दगडावर भाकरी ठेवून जायची. मूल कडेवर घेऊन जायची, म्हणजे न बोलता दाखवता येई. विस्तव ती देऊ शकत नव्हती. बानोना गारगोटी घासून चूल पेटवायची.

कोब्नेर्तला चैन पडेना. नवी भट्टी उभी राहिली होती, पण लोखंड मनासारखे उतरेना. हाळी आता त्याच्याकडून उत्तरेला जात होती. पश्चिमेला तोंड करायचे काहीच कारण नव्हते. एके सकाळी उत्तरेची हाळी देऊन झाल्यावर तो पश्चिमेला वळला आणि तीच पुन्हा ओरडला. दुसऱ्या दिवशीही. मग रोज.

सुआदा म्हणाली, “तिकडं कोणी नाही. बोलताय कोणाशी?”

“बोलत नाहीये. हाळी देतोय. हाळीत कोणाचं नाव नसतं.”

द्रुइडचा एक माणूस येऊन त्याला समज देऊन गेला. त्यालाही त्याने हेच उत्तर दिले, आणि कोणाशी बोललो ते दाखवा म्हणाला. त्या माणसाने रिकाम्या टेकाडाकडे पाहिले आणि तो निघून गेला. काही दिवसांनी सुआदा मडके धुता धुता म्हणाली, “जाताच आहात तर तेवढं सांगा. तांबू गाईला गोऱ्हा झालाय. पायात पांढरा आहे.” कोब्नेर्तने ते सांगितले. ही काही मुलखाची बातमी नव्हे, हे त्याला ठाऊक होते.

उन्हाळाभर तिकडून काही आले नाही. ती ऐकते की नाही, हेही कळायला मार्ग नव्हता. कधी कधी तो इतका वेळ कान देऊन उभा राही की रक्ताचा आवाजच त्याला हाळीसारखा वाटे.

पानगळ सुरू झाली तेव्हा पूर्वेकडून ती हाळी आली. जमातींचे पुढारी वेढ्यात अडकले होते ते अलेसिया शहर पडले. मदतीला गेलेले सैन्य मोडले. पुढारी रोमनांच्या हाती. देणाऱ्याचा आवाज मध्येच फाटला आणि त्याला पुन्हा सुरुवात करावी लागली. कोब्नेर्तने उत्तरेला हाळी दिली. परत आली नाही. उत्तरेच्या टेकाडावरचा माणूस बातमीसाठी थांबलाच नव्हता. रोमन घोड्यांचा धुरळा दिसताच तो बायकामुले घेऊन पळाला, हे नंतर कळले. कोब्नेर्तने चार वेळा दिली. मग तो पश्चिमेला वळला, आणि आपल्या आवाजात आर्जव येऊ नये म्हणून त्याला प्रयत्न करावा लागला.

“अलेसिया पडलं. सैन्य मोडलं. पुढारी रोमनांच्या हाती.”

पहिल्या खेपेला काही नाही. दुसऱ्या खेपेला काही नाही. तिसरी देण्यासाठी त्याने श्वास घेतला तोच पलीकडून आवाज आला. बारीक, अर्धे वर्ष न वापरलेला, पहिल्या शब्दाला खरखरलेला, पण ओळखू येणारा. तिने हाळी परत म्हटली. मग वळून दोइरला दिली. दोइरने ती घेतली. वाळीत टाकलेल्या बाईची हाळी घ्यावी की नाही यावर तो किती वेळ थांबला असेल, हे कोब्नेर्तला इतक्या लांबून सांगता आले नसते. त्याला तरी तो थांबलाच नाही असे वाटले.

त्या दिवशी तिने मागे काही जोडले नाही. कोब्नेर्तनेही नाही.

शिक्षा कोणी मागे घेतली नाही. तो द्रुइड पुढच्या हिवाळ्यात मुलूख सोडून गेला आणि सभा पुन्हा भरली नाही. एक दिवस लितुगेना भाकरी घेऊन आली ती दगडाशी न थांबता झोपडीपर्यंत गेली, आणि “आई, आत ये, पाऊस येतोय” म्हणाली, एवढेच. अतेपो ते बघत होता. तो घरात गेला आणि परातीत विस्तव घेऊन स्वतः बाहेर आला. पुढच्या वर्षी तो वारला. मरेपर्यंत त्याने कोब्नेर्तला दर हिवाळ्यात मीठ लावलेली डुकराची तंगडी पाठवली. का, ते कधी सांगितले नाही. सुआदाने कधी विचारलेही नाही. तिला पहिल्याच तंगडीला कळले होते.

या सगळ्याला आता आठ वर्षे झाली. रोमनांनी नदीकाठाने रस्ता केला आहे आणि त्यांची बातमी घोड्यावरून जाते. बानोना अतेपोच्या गावात लेकीच्या घरी राहते. डुकरे पाळते, मांस खारवते आणि बाजाराच्या दिवशी नदीच्या उतारापाशी घेऊन बसते. आजूबाजूच्या सगळ्या गावांचे लोक तिच्याकडून घेतात. व्हेर्नोचे घेत नाहीत.